पदवी झाली, पुढे काय?



"पोर एम.एस्सी. झालं, आता नोकरी कुठं?" हा प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला. आम्ही सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो. पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुमचा फसलेला एखादा प्रयोग सांगा." आम्ही गप्प बसलो आणि नोकरी हातची गेली.

खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दुधातले जीवाणू मोजताना नमुना दहा-दहा पटीनं पातळ करतात आणि साधारण ३० ते ३०० ठिपके उमटलेली प्लेटच मोजतात. एकदा आमच्या सगळ्या प्लेटा ठिपक्यांनी गच्च भरल्या. वहीतल्या नोंदी तपासून चूक शोधली, प्रयोग पुन्हा केला. हिशेब, नोंद आणि चिकाटी ही शिदोरी औषध कारखान्यात, पाणी तपासणीत, पेटंटच्या कामात, शिक्षकी पेशातही उपयोगी पडते. मात्र ती चारचौघांत मांडता आली पाहिजे.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी तारीखवार वही ठेवावी, संगणकावर तक्ते करायला शिकावं आणि महिन्यातून एका रविवारी आपला अभ्यास इथं विहारात शाळकरी मुलांना समजावून सांगावा. आईवडिलांनीही ऐकायला यावं. पदवी नुसती भिंतीवर टांगण्यासाठी नाही. तिच्यातून भाकरीही मिळाली पाहिजे आणि मानही. एवढं बोलून आम्ही थांबतो.