बियाणे कोणाच्या हाती?
(किसान कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



भाजीपाला हा गरीब शेतकऱ्याचा आधार होय. उसासाठी वर्षभर थांबण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही, तो विहिरीच्या पाण्यावर दहा गुंठे भेंडी लावतो. सुमारे दीड महिन्यात तोडणी सुरू होते आणि एक दिवसाआड रोकड हाती येते. म्हणूनच या पिकावरील रोग हा थेट त्याच्या चुलीवरचा घाला ठरतो.

भेंडीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे केवडा. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते. फळे फिकट आणि राठ निघतात. या रोगाचा विषाणू पांढरी माशी पसरविते. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. फवारणीने माशी कमी होते, परंतु शेतकऱ्याचे कर्ज वाढते. तेव्हा खरा उपाय बियाण्यातच शोधणे भाग होते.

तो शोध सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी घेतला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील एका भेंडीची प्रतिकारशक्ती वापरून ‘पुसा सावनी’ हा वाण निर्माण केला. तो देशभर पसरला. मात्र पुढे तोही केवड्याला बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’चा संकर तिच्या एका जंगली जातभाईशी केला. अशा संकरात बीजधारणा नीट होत नाही. म्हणून ती संतती पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी जोडून, चिकाटीने निवड करून ‘परभणी क्रांती’ हा वाण सिद्ध झाला. १९८५ साली तो शेतकऱ्यांना मिळाला.

या वाणाचे महत्त्व केवळ रोगप्रतिकारापुरते नाही. तो सरळ वाण आहे. निरोगी झाडांवरील फळे वाळू द्यावीत, जवळपास दुसरा वाण नसावा, इतकी काळजी घेतली की पुढील हंगामाचे बी घरचेच होते. कंपन्यांच्या संकरित बियाण्याचे तसे नाही. पुढच्या पिढीत त्याचे गुण फुटतात आणि शेतकऱ्याला दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते. २००१ च्या कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. पण राखण्याजोगे बीच उरले नाही, तर तो हक्क कागदावरच राहील.

विज्ञानाचा कोणताही विजय कायमचा नसतो. ‘पुसा सावनी’ने हाच धडा दिला. संशोधन अखंड चालले पाहिजे; सरकारने त्यातून अंग काढून घेतले, तर ती जागा मक्तेदार भांडवल घेईल.

शिवाय चांगले बियाणे पीक वाढविते, भाव वाढवीत नाही. बाजारात आवक वाढताच भाव पाडला जातो आणि संशोधनाचे फळ दलालाच्या खिशात जाते. केरळच्या डाव्या लोकशाही आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२० पासून १६ पिकांना उत्पादन खर्चाहून २० टक्के अधिक आधारभूत किंमत लागू केली, ती याच कारणासाठी.

म्हणून गावोगाव तीन मागण्या नेल्या पाहिजेत: विद्यापीठांच्या सरळ वाणांचे बियाणे वेळेवर व स्वस्त मिळावे, भाजीपाला संशोधनाला पुरेसा सरकारी निधी मिळावा आणि भाजीपाल्याला किमान भावाची हमी असावी. जनतेच्या पैशातून जन्मलेले बी जनतेच्याच हाती राहिले पाहिजे.