सेवेचा हिशेब सभागृहात व्हावा

विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की किती विधेयके मांडली जाणार, पुरवणी मागण्या किती कोटींच्या असणार, विरोधक कोणत्या प्रश्नावर सभात्याग करणार, याची चर्चा सुरू होते. पूर्वी मंजूर झालेल्या कायद्यांतून लोकांच्या पदरात काय पडले, याच्या तपासणीसाठी किती वेळ राखून ठेवला आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. सरकारी सेवांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याने आवर्जून विचारायला हवा, कारण या विषयावरच्या कायद्यांचा आग्रह ज्या आंदोलनांनी धरला त्यांचे मूळ पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत आहे. राज्याचा माहितीच्या अधिकाराचा 2002 सालचा कायदा घ्या किंवा बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाई यांविषयीचा 2005 सालचा कायदा घ्या. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा रेटा दोन्हींच्या मागे होता. कोणत्याही कर्मचाऱ्याने आपल्याकडची फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये, हे त्या दुसऱ्या कायद्याने घालून दिले. नागरिकांची सनद प्रसिद्ध करण्याचे बंधनही त्यानेच घातले.

पुढे हाच विषय संसदेत पोहोचला. 27 ऑगस्ट 2011 रोजी, शनिवार असूनही, दोन्ही सभागृहांत दिवसभर चर्चा झाली आणि तीन मुद्द्यांवर तत्त्वतः सहमती झाली. नागरिकांची सनद असावी, कनिष्ठ कर्मचारीही योग्य यंत्रणेमार्फत लोकपालाच्या कक्षेत यावेत आणि राज्याराज्यांत लोकायुक्त असावेत, असे ते मुद्दे होते. त्यांपैकी लोकपाल आणि लोकायुक्त यांच्याविषयीचा कायदा डिसेंबर 2013 मध्ये संसदेत संमत झाला. सनदेच्या मुद्द्यासाठी, वस्तू आणि सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारे विधेयक डिसेंबर 2011 मध्येच लोकसभेत मांडले गेले होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण 2014 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि घटनेतल्या तरतुदीप्रमाणे विधेयकही व्यपगत झाले. एका दिवसाची सहमती कितीही मनापासूनची असली, तरी पाठपुराव्याचे दिवस कामकाजपत्रिकेवर आले नाहीत तर तिचे काय होते, हे या उदाहरणातून दिसते.

महाराष्ट्राने स्वतःचा लोकसेवा हक्क कायदा 2015 साली केला आणि तो त्या वर्षीच्या 28 एप्रिलपासून अमलात आला. पात्र व्यक्तीला अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. न मिळाल्यास त्याच खात्यात पहिले आणि दुसरे अपील, त्यानंतर तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती, अशी त्याची रचना आहे. ही रचना चांगली आहे. तरीही कोणती सेवा यादीत घ्यायची आणि तिला किती दिवस द्यायचे, हे कायद्याच्या मजकुरात नाही. ते संबंधित खात्याची अधिसूचना ठरवते. म्हणजे सामान्य माणसाच्या दृष्टीने कायद्याचा जो गाभा, तो सभागृहाच्या मतदानाबाहेर तयार होतो. आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, असे कायदा म्हणतो. पण अहवाल पटलावर ठेवला म्हणजे त्यावर चर्चा होतेच असे नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, वर्षातून निदान एका अधिवेशनात या अहवालावर आणि सेवांच्या यादीवर स्वतंत्र चर्चा व्हावी आणि तिचा वेळ कामकाज सल्लागार समितीने आधीच ठरवून द्यावा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कायद्यात अपील आहे, शास्ती आहे. मग आमदारांनी तलाठ्याच्या कामात कशाला पडायचे? परंतु शास्ती एका माणसाला होते आणि विलंबाचे कारण पुष्कळदा त्या माणसाच्या हातात नसते. तलाठ्याकडे अनेक गावांचा अतिरिक्त कार्यभार असेल, तर दंडाने वारसनोंद लवकर होणार नाही. पद भरले तर होईल. पदांसाठी पैसा लागतो आणि खात्याच्या मागण्या सभागृहच मंजूर करते. दुसरा आक्षेप असा की, आता अर्ज ऑनलाइन झाले, ‘आपले सरकार’ पोर्टल आहे, मग तक्रार कसली? पोर्टलमुळे पोच मिळते, हे खरे. पण सर्व्हर बंद असल्याने अर्जच दाखल झाला नाही, तर मुदत सुरू होत नाही आणि अपिलाचा हक्कही उभा राहत नाही. शिवाय मुदत चुकण्याच्या भीतीने त्रुटी काढून अर्ज परत पाठवण्याकडे कल वाढू शकतो. तेव्हा वेळेत निकाली काढलेल्या अर्जांत किती मंजूर आणि किती नामंजूर, हे आकडे वेगळे पाहावे लागतात. तिसरा आक्षेप वेळेचा आहे. अधिवेशने आधीच छोटी, त्यात आणखी एक विषय कसा बसणार? वर्षाकाठी अर्धा दिवस ही मोठी मागणी नव्हे, आणि नव्या विधेयकावर मत देण्यापूर्वी जुन्या कायद्याचा अनुभव समजला, तर त्या विधेयकावरची चर्चाही नेमकी होईल.

आपल्या जिल्ह्यात या चर्चेला आणखी एक अर्थ आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावांना जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब पडते. जिल्हा विभाजनाची जुनी मागणी मुख्यालय कुठे असावे या वादात अडकते. पण तिच्या मुळाशी तक्रार आहे ती कामासाठी घालाव्या लागणाऱ्या हेलपाट्यांची. विभाजन होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कोणत्या तालुक्यात किती अर्ज मुदतीबाहेर गेले आणि किती पदे रिकामी आहेत, हे सभागृहात मांडता येते. या जिल्ह्यातून बारा आमदार विधानसभेत जातात, महसूल खाते या जिल्ह्यातल्या मंत्र्यांनी अनेक वर्षे सांभाळले आहे आणि डिसेंबर 2024 मध्ये विधान परिषदेचे सभापतिपदही जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या राम शिंदे यांच्याकडे आले. विषय मांडण्यासाठी आपल्याकडे माणसे कमी नाहीत. अधिवेशनाआधी आपला आमदार गावात आला, तर रस्ता आणि सभामंडप यांच्याबरोबर आणखी एक मागणी करावी: आपल्या तालुक्यातल्या मुदतबाह्य अर्जांविषयी तारांकित प्रश्न विचारा आणि मंत्र्यांनी दिलेले आश्वासन आश्वासन समितीकडे जाऊन पूर्ण होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका.