कित्ता



डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली आहे. आपल्या चर्चमध्ये पवित्र गुरुवार होऊन थोडेच दिवस झाले आहेत. त्या गुरुवारच्या वाचनातला एक शब्द आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू भरल्या पंक्तीतून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या देशात ते काम घरच्या चाकराचे. पेत्राला ते सहन होत नाही, तो पाय मागे घेतो. धुणे संपल्यावर येशू पुन्हा जागेवर बसतो आणि सांगतो, हे मी तुमच्यासाठी करून दाखवले. आपल्या मराठी बायबलमध्ये इथे 'आदर्श' हा शब्द नाही. तिथे 'कित्ता' आहे.

हा शब्द निवडणारा माणूस शाळेत रमलेला असावा, असे मला नेहमी वाटते. आदर्शाला आपण हार घालतो आणि भिंतीवर टांगतो. कित्त्याची जागा हाताखाली. गुरुजी वरच्या ओळीत एकदा अक्षर काढून देतात आणि मूल खाली तेच दहा वेळा गिरवते. गुरुजींच्या 'ळ'ला गाठ नसेल तर वर्गातल्या एकाही 'ळ'ला गाठ येत नाही. मुलाचा त्यात काही दोष नसतो. त्याने आज्ञा पाळलेली असते.

मी आदिवासी मुलांच्या शाळेत आयुष्य काढले, म्हणून स्वतःचीच एक गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. एका दुपारी सुट्टीत मुले झाडाखाली शाळा-शाळा खेळत होती. मी खिडकीआडून पाहत राहिलो. गुरुजी झालेला मुलगा दगडावर पाय पसरून बसला होता. त्याच्या हातात निरगुडीची फोक होती. त्याने एकाला पाणी आणायला पिटाळले, दुसऱ्याला झाडू मारायला लावले, तिसऱ्याच्या पाठीत फोक ओढली, आणि मग सगळ्यांना उभे करून, खरे बोलावे, कोणाला दुखवू नये, असा पाठ म्हणायला लावला. त्याचा आवाज माझा होता. मान हलवण्याची लकबही माझी होती. मी वर्गात प्रेमाचे पाठ शिकवत होतो आणि मुलांनी माझ्याकडून फोक उचलली होती. त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती अजून पुरते.

याकोबाच्या पत्रात एक इशारा आहे, की तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होणार. तरुणपणी मला ते वाक्य धर्मगुरूंसाठी लिहिलेले वाटे. आता वाटते, ज्याच्याकडे कोणी वर मान करून पाहते, त्या प्रत्येकासाठी ते आहे. आई, मोठा भाऊ, मुकादम, वाडीचा मालक, ग्रामपंचायतीचा सदस्य, सगळे त्यात आले.

आता आपल्या डहाणूकडे येऊ. इथे जे अमेरिकन मिशन आले ते ब्रदरन पंथाचे. हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्झेनाउ गावी सुरू झाला. आठ माणसांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, एवढीच त्याची सुरुवात. युद्धात शस्त्र धरायचे नाही, शपथ वाहायची नाही, साधे राहायचे, ही त्यांची शिस्त. छळामुळे ते अमेरिकेत गेले आणि शेतकरी म्हणून स्थिरावले. तिथून १८९४ मध्ये त्यांची पहिली माणसे हिंदुस्थानात आली. बुलसारला, म्हणजे आजच्या वलसाडला, त्यांनी ठाणे केले आणि पुढे ती माणसे डहाणूपर्यंत पोचली. १९७० मध्ये इथले ब्रदरन चर्च उत्तर भारताच्या चर्चमध्ये सामील झाले. आज डहाणूच्या तरुणांना 'ब्रदरन' हा शब्द जुन्या मिशन दवाखान्यामुळेच काय तो माहीत असतो.

या पंथाची एक रीत मला फार मोलाची वाटते. प्रभुभोजनाच्या आधी ते एकत्र जेवतात, आणि जेवणाआधी एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. ज्याने धुतले त्याचेही कोणीतरी धुते, त्यामुळे कोणी नुसता दाता राहत नाही आणि कोणी नुसता घेणारा राहत नाही. अशा पंक्तीत वाढलेल्या डॉ. बार्बरा निकी डहाणूच्या दवाखान्यात आल्या आणि सेवेचा मोठा काळ त्यांनी इथेच घालवला. बाईच्या जातीने डॉक्टर व्हावे हेच जेव्हा नवल होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळातला इथला वारली, धोडी, दुबळा माणूस डोळ्यांपुढे आणा. राबाच्या राखेत आणि आवणाच्या चिखलात उभे राहिलेले अनवाणी पाय. सावकारासमोर तो जमिनीवर उकिडवा बसे. त्याच्या पायाला हात लावायला कोणी खाली वाकते, हीच त्याच्यासाठी मोठी शिकवण होती. त्याआधी त्याला प्रवचन ऐकवण्याची गरज नव्हती.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून मला पुढे जायचे नाही. आपल्या भागात लोक उघड विचारतात, की तुमचा दवाखाना, तुमची शाळा ही सेवा आहे की आमिष? विचारणाऱ्यावर रागावू नका. तेराव्या अध्यायातच त्याचे उत्तर आहे. येशूने पाय धुतले तेव्हा यहूदा इस्कर्योत पंगतीतच होता. तो उठून गेला ते नंतर. दगा देणार हे ठाऊक असताना त्याचे पाय धुतले, आणि त्याने बदलावे अशी अट घातली नाही. कित्ता हा आहे. म्हणून ज्या सेवेच्या मनात हिशेब आहे, औषधाच्या बदल्यात नाव आणि फीच्या बदल्यात देव मागण्याचा, ती ख्रिस्ताची सेवा नाही. मग ती करणारा कितीही भक्तिमान असो. रोगी बरा होऊन आपल्या हिमाय-नारनदेवाकडे गेला, तरी आपले काम पूर्ण झालेले असते.

आणि कित्ता घालून देणारा ख्रिस्तीच असतो असेही नाही. शेजारी कोण, असे विचारल्यावर येशूने दाखल्यातल्या जखमी वाटसरूच्या मदतीला याजक पुढे केला नाही, लेवी पुढे केला नाही. ज्याच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते, तो शोमरोनी पुढे केला. आपल्या भागाला असे शोमरोनी भरभरून लाभले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. लहानपणीच वैधव्य आलेली ही बाई हरिजनवाड्यात, वारली पाड्यांवर गेली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची, हे त्यांचे उत्तर. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, डोळे पुसणे हा त्यांचा पहिला धडा. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्याचे मूळ या मातीत आहे. गंगाळ आणि रुमाल घेऊन खाली वाकलेली ही माणसे होती. त्यांनी तेरावा अध्याय वाचला होता की नाही, हा प्रश्नच गौण आहे.

तलासरीत वारल्यांच्या लढ्यात उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकरांचे नाव घेतले की आपल्यातले काही जण गप्प होतात, कारण त्या कम्युनिस्ट. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेतून वारल्यांनी वेठबिगारी नाकारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचे, त्याला लगीनगडी म्हणत. ती गुलामी त्या लढ्याने मोडली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला, तरी माणसे मागे हटली नाहीत. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे गोदावरीबाईंचे पुस्तक प्रत्येक ख्रिस्ती शिक्षकाने वाचावे, असे मी आग्रहाने म्हणतो. त्या झोपडीत राहिल्या, तिथले खाल्ले, मैलोगणती चालल्या, म्हणून त्यांचे शब्द लोकांनी खरे मानले. देवाचे नाव न घेता त्यांनी हे केले. आपण देवाचे नाव घेतो, त्यामुळे आपल्याला सवलत मिळत नाही, आपले देणे वाढते.

त्याच याकोबाच्या पत्रात मजुरीविषयी लिहिले आहे. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते, असा त्याचा भाव आहे. आपल्यातल्या काहींच्या चिकूच्या वाड्या आहेत, काहींची दुकाने आहेत, काहींच्या घरी पाड्यावरची मुलगी भांडी घासते. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस शनिवारी मजुरांना 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो. त्याची मुले आणि मजुराची मुले, दोन्ही ते पाहतात, आणि दोन्ही वेगवेगळे काही शिकतात. मालकाचा मुलगा टाळायला शिकतो. मजुराच्या मुलाला कळते, की या माणसांचा देव रविवारपुरता आहे. ही दुसरी शिकवण मला जास्त भयंकर वाटते, कारण ती पुसायला पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी उभे आयुष्य द्यावे लागेल.

म्हणून माझे एक मागणे आहे. ते फार मोठे नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे आता पावसाच्या तोंडावर पाड्यांवर परतू लागतील. त्यांच्याबरोबर मुलेही गेली होती आणि त्यांची शाळा अर्ध्यावर सुटली आहे. जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी तुमच्यापैकी प्रत्येकाने एकेका पाड्यावर जावे, घरोघर बसावे, आणि त्या मुलांची नावे पटावर पुन्हा येईपर्यंत शाळेत खेपा घालाव्यात. दाखले, आधार, बँकेचे पासबुक, जे अडलेले असेल त्यासाठी तालुक्याला त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहावे. जाताना पाण्याची बाटली आणि वही न्या. पत्रके नेऊ नका.