पारितोषिकें, कादंबऱ्या आणि घरांतला अर्धा तास

कादंबरी वाचावयाची म्हणजे निवांत वेळ हवा, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. आणि हा निवांत वेळ संसारी माणसाला कधींच सांपडत नाहीं. सकाळीं दूध, डबे आणि मुलांच्या शाळा, दिवसभर कचेरी, संध्याकाळीं पाहुणे, किराणा आणि उद्यांची तयारी. अशा दिनक्रमांत अमेरिकेंतील पारितोषिकविजेत्या कादंबऱ्या वाचा, असें कोणी सांगूं लागलें, तर 'आमचे मराठी ग्रंथच अजून वाचून व्हावयाचे आहेत' असें उत्तर मिळणें स्वाभाविक आहे. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु पारितोषिक म्हणजे काय आणि तें मिळालेलें पुस्तक घरांत येऊन काय करतें, हें पाहिल्यावांचून तें पुरेंही नाहीं.

अमेरिकेंतील वाङ्मयीन पारितोषिकांत पुलित्झर पारितोषिकाचें नांव सर्वांत परिचयाचें आहे. जोसेफ पुलित्झर हे हंगेरींत जन्मलेले आणि अमेरिकेंत येऊन वृत्तपत्रांचे मालक झालेले गृहस्थ. 1911 सालीं ते वारले, आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठामार्फत 1917 पासून हीं पारितोषिकें देण्यांत येऊं लागलीं. पहिल्या वर्षीं कादंबरीचें पारितोषिक कोणासही मिळालें नाहीं. 1918 सालीं तें अर्नेस्ट पूल यांच्या 'हिज फॅमिली' या कादंबरीस मिळालें. आज हें नांव किती जणांच्या स्मरणांत असेल? उलट 1925 सालीं निघालेली स्कॉट फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' जगभर वाचली जाते, आणि तिला हें पारितोषिक मिळालेलें नाहीं. तेव्हां पारितोषिक ही एक ओळखीची चिठ्ठी समजावी. चिठ्ठी घेऊन आलेल्या पाहुण्यास आपण दारांत ताटकळत ठेवीत नाहीं, त्यास बसावयास देतों, चहा देतों. पण तेवढ्यावरून घराच्या किल्ल्या कांहीं त्याच्या हातीं देत नाहीं.

या चिठ्ठीचा मजकूर कसा लिहिला गेला, त्याची हकीकतही मोठी उद्बोधक आहे. अमेरिकन जीवनाचें 'समग्र' वातावरण दाखविणाऱ्या कादंबरीस पारितोषिक द्यावें, अशी पुलित्झर यांची इच्छा होती. पुढें विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्या हातून शब्द बदलला आणि 'समग्र' याच्या जागीं 'निकोप' हा शब्द आला. इंग्रजींत या दोन शब्दांत अवघ्या चार अक्षरांचें अंतर आहे. अर्थांत मात्र जमीनअस्मानाचें. समग्र जीवन म्हणजे अंगण आणि परसदार दोन्ही. निकोप जीवन म्हणजे पाहुण्यांना दाखवावयाची बैठकीची खोली.

या फरकाचे परिणाम लवकरच दिसूं लागले. 1921 सालीं परीक्षकांनीं सिंक्लेअर लुईस यांच्या 'मेन स्ट्रीट' या कादंबरीची शिफारस केली होती. पण वरिष्ठ मंडळानें ती बाजूस सारून ईडिथ व्हॉर्टन यांच्या 'द एज ऑफ इनोसन्स' या कादंबरीस पारितोषिक दिलें. गंमत अशी कीं, व्हॉर्टनबाईंच्या कादंबरींतही न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कुटुंबांच्या दांभिकपणावरच बोट ठेवलेलें आहे. तें फार सभ्यपणें ठेवलें आहे, एवढेंच. 1926 सालीं लुईस यांच्या 'ॲरोस्मिथ'ला पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां त्यांनीं तें नाकारलें, आणि नकाराच्या पत्रांत याच निकोपपणाच्या अटीवर टीका केली. चारच वर्षांनीं नोबेल पारितोषिक मिळविणारे ते पहिले अमेरिकन लेखक ठरले. पुढें 'निकोप' हा शब्द वगळण्यांत आला. तरीही 1941 सालीं हेमिंग्वे यांच्या 'फॉर हूम द बेल टोल्स'ला बटलर यांनीं हरकत घेतली, आणि त्या वर्षीं कोणत्याच कादंबरीस पारितोषिक मिळालें नाहीं.

श्रोतेहो, हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, बटलर यांच्यासारखे अध्यक्ष आपल्याही घरोघरीं असतात. मुलींनीं काय वाचावें, मुलांच्या हातीं काय पडूं नये, जेवणाच्या वेळीं कोणता विषय काढूं नये, हें ते ठरवीत असतात. त्यांचा हेतु चांगलाच असतो. पण निकोपाच्या आग्रहापायीं समग्र हातचें जातें, आणि मग घरांतल्याच माणसांचें दुःख घरांतल्या माणसांना दिसेनासें होतें.

1932 सालीं पारितोषिक मिळविणारी पर्ल बक यांची 'द गुड अर्थ' ही कादंबरी पाहा. लेखिका अमेरिकन, पण वाढलेली चीनमध्यें. आणि कथा वांग लुंग या चिनी शेतकऱ्याची. त्याची पत्नी ओ-लान हिला दुष्काळानंतरच्या लुटालुटींत रत्नें सांपडतात. तीं सारीं ती नवऱ्याच्या स्वाधीन करते. स्वतःसाठीं दोन लहान मोती तेवढे मागून घेते. त्या रत्नांच्या पैशांतून जमीन येते, समृद्धि येते, आणि समृद्धीबरोबर नवऱ्याच्या आयुष्यांत दुसरी स्त्री येते. एके दिवशीं ओ-लान तळ्यावर कपडे धूत असतां तो ते दोन मोतीही तिच्याकडे मागतो. ती ते मुकाट्यानें काढून देते आणि पुन्हां धुणें बडवूं लागते. हें पान वाचून उठलेल्या गृहस्थास आपल्या घरांतील धुण्याचा आवाज थोडा निराळा ऐकूं येतो. असा एक प्रसंग पारितोषिकविजेत्यांच्या साऱ्या यादीहून मोलाचा आहे.

1940 सालच्या विजेत्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या जॉन स्टाइनबेक यांच्या कादंबरीचें असेंच आहे. धुळीच्या वादळांनीं आणि कर्जानें ओक्लाहोमांतील जमिनींवरून उठविलेलें जोड कुटुंब एका जुन्या मोटारींत संसार भरून 66 क्रमांकाच्या रस्त्यानें कॅलिफोर्नियाकडे निघतें. तेथें एका वस्तींत कुटुंबाची आई चुलीवर रस्सा शिजवीत असतां भोंवतीं परक्यांचीं भुकेलीं मुलें येऊन उभीं राहतात. स्वतःच्या माणसांना पुरेल एवढेंच भांड्यांत आहे. ती काय करते? आपल्या माणसांना वाढते आणि उरलेलें खरवडून घेण्यास भांडें मुलांपुढें ठेवते. ती पुण्य मिळविल्याचें समाधान मानीत नाहीं आणि तिच्या मनाची टोंचणीही जात नाहीं. कॅलिफोर्नियांतील कर्न परगण्यानें 1939 सालीं, म्हणजे पुस्तक निघालें त्याच वर्षीं, आपल्या ग्रंथालयांत त्यावर बंदी घातली होती. निर्वासितांच्या छावण्या त्याच भागांत होत्या. जवळच्यांनाच आरसा नकोसा होतो, तो असा.

आतां वेळेचा प्रश्न. याच कादंबरीचीं प्रकरणें तीस आहेत, आणि त्यांतलीं कांहीं अगदीं आटोपशीर आहेत. रोज अर्धा तास दिला, तरी एवढा मोठा ग्रंथ सावकाश पण निश्चित पुरा होतो. ज्यांना इंग्रजीचा कंटाळा, त्यांनीं 1953 सालच्या विजेत्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'कडे वळावें. 84 दिवस मासा न मिळालेल्या वृद्ध कोळ्याची ही लहानशी कथा पु. ल. देशपांडे यांनीं 'एका कोळियाने' या नांवानें मराठींत आणलेली आहे.

पण माझ्या मतें खरा प्रश्न वेळ किती हा नाहीं. तो कोणाला मिळतो, हा आहे. ज्या घरांत एकाला पुस्तक उघडावयास अर्धा तास मिळतो, त्या घरांत बहुधा दुसऱ्या कोणींतरी उभ्यानें काम करून तो मिळवून दिलेला असतो. ओ-लानची कथा वाचून डोळे पुसावे आणि चहाचा पेला तसाच टेबलावर ठेवून उठावें, हें वाचन नव्हे. यास उपाय सोपा आहे. रात्रीं भाजी निवडतांना, कपड्यांच्या घड्या घालतांना घरांतल्या एकानें मोठ्यानें वाचावें, इतरांनीं ऐकावें, आणि वाचणारा व काम करणारे यांनीं आळीपाळीनें जागा बदलाव्या. कांहीं अवघड प्रसंग येतील. 1988 सालीं गौरविलेल्या टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'मधील आई आपल्या लेकराला गुलामगिरीच्या हातीं पडूं देण्याऐवजीं स्वतःच मारते, आणि त्यामागें 1856 सालची एक खरी घटना आहे. तेथें वाचणाऱ्याचा आवाज अडखळेल. अडखळूं द्यावा. त्यानंतर घरांत जें बोलणें निघेल, तें एरवीं निघालें नसतें.

मराठी ग्रंथ आधीं वाचावेत, हें खरेंच. पण महिन्यांतले कांहीं अर्धे तास या दूरच्या पाहुण्यांना द्यावे. चिठ्ठी पाहून त्यांना आंत घ्यावें, बोलणें ऐकावें. आणि जो आपल्या घरांतलें आजवर न दिसलेलें कांहीं दाखवील, त्याला पुन्हां बोलवावें. बाकीच्यांना, कितीही मोठें पारितोषिक मिळालेलें असलें तरी, नमस्कार करून निरोप देण्यास हरकत नाहीं.