नाकातला जंतू आणि बोंडातली अळी

(मुलचेरा येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाच्या बैठकीत नाकातल्या जंतूचं काय काम, असं कुणी विचारील. ज्वारीचं धसकट पायात घुसलं, पाय पिकला आणि ऐन वेचणीत घरचा कर्ता महिनाभर खाटेवर पडला, की काय काम ते कळतं.

साधारण तिघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. तिथं तो गुमान राहतो. तो आहे म्हणून माणूस आजारी नाही, त्याला कुणी वाळीत टाकू नये. पण नाकातून बोटावर, बोटावरून जखमेत गेला की गळू होतं. रक्तात उतरला तर जीव जातो. १९४० नंतर पेनिसिलीन आलं, थोड्याच वर्षांत हा जंतू त्याला पुरून उरला. मग मेथिसिलीन आलं. १९६१ साली इंग्लंडात त्यालाही न जुमानणारा जंतू सापडला. आज तो आपल्या देशातही आहे, दवाखान्यांत आणि बाहेरही.

हे कसं घडतं ते कापूसवाल्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. एकच औषध फवारत राहिलं की मरायच्या त्या अळ्या मरतात, उरतात त्यांचीच पिलावळ वाढते. बीटीचंही तेच झालं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भ कसा झोडपला ते सगळ्यांना ठाऊक आहे. जंतूची पिढी तर अर्ध्या तासात बदलते!

सर्दीपडशावर ही औषधं चालतच नाहीत, तरी बाजाराच्या दिवशी सुई टोचली जाते. दोष एकट्या रोग्याचा नाही. दवाखाना लांब, मजुरी बुडते, मग जो भेटेल तो डॉक्टर.

औषध वाईट नाही. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बाया शिकवून तयार केल्या. नवजात बाळाची घरीच काळजी. जंतुसंसर्ग झाला तरच प्रतिजैविक, तेही ठरल्या मात्रेत, नोंद ठेवून. १९९९ साली अहवाल आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

तेव्हा जखम साबणानं धुवा, झाका. गळू घरी पिळू नका. पू डॉक्टरकडून काढून घेणं हाच त्याचा मुख्य इलाज. वस्तरा नि टॉवेल ज्याचा त्याला. आधी खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरला दाखवा. आणि तालुक्याच्या दवाखान्यातून पू तपासणीला जावा, निकाल रोग्याच्या हाती यावा, ही मागणी आजच्या ठरावात घालू.