धुरा धरून येणारे पाहुणे



सापन-बिच्छन नद्यांच्या काठच्या, एके काळी इमादशाहीची राजधानी असलेल्या अचलपूर गावात दूरदूरून आलेल्या तुम्हा संशोधकांचं मनापासून स्वागत.

या परिषदेचा विषय कळल्यावर गावात अनेकांनी विचारलं, "गुरुजी, सूर्यावरून निघालेल्या इलेक्ट्रॉनचं आपल्याला काय?" मी त्यांना हरभऱ्याच्या वावरात नेलं. स्प्रिंकलर चालू होता. थेंब सरळच उडतो, पण तोटी फिरत असल्यानं धार वाकलेली दिसते. सूर्यही फिरतो, आणि सौरवारा त्याच्या चुंबकीय रेषा अशाच वाकवत नेतो. इलेक्ट्रॉन त्या रेषांभोवती गिरक्या घेत येतात, आपण वावराचा धुरा, म्हणजे बांध, धरून चालतो तसे. म्हणूनच सूर्याच्या पश्चिम अंगावरच्या स्फोटातले इलेक्ट्रॉन आपल्याकडं सहज पोचतात.

प्रकाशाला सव्वाआठ मिनिटं लागतात. एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्या वाकड्या वाटेनं वीसेक मिनिटांत येतो. जड प्रोटॉन मागून येतात, आणि अंतराळवीराला खरा धोका त्यांचा. इलेक्ट्रॉन हा त्यांचा आगाऊ सांगावा.

सगळे इलेक्ट्रॉन सूर्याचेच असतात असंही नाही. पायोनियर-10 हे यान 1973 साली गुरूजवळ पोचलं आणि गुरूही इलेक्ट्रॉन फेकतो हे पक्कं झालं. दर 13 महिन्यांनी तो आणि आपण एकाच रेषेच्या धुऱ्यावर येतो, तेव्हा गुरूचे इलेक्ट्रॉन पृथ्वीजवळ वाढतात. हे वाचलं त्या रात्री मी चिखलदऱ्याला गुरूकडं बघत कितीतरी वेळ बसलो होतो.

आता असे कण मोजायला आपलं स्वतःचं यान अंतराळात आहे. 2 सप्टेंबर 2023 ला निघालेल्या आदित्य-एल1 वरचं 'स्टेप्स' हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं घडवलं. पृथ्वीपासून 50,000 किलोमीटरपलीकडं जाताच त्यानं कण मोजायला सुरुवात केली.

तरी एक कोडं उरतंच. सूर्याच्या पाठीमागच्या स्फोटातलेही इलेक्ट्रॉन कधी कधी आपल्याकडं येतात. ते धुरा ओलांडून येतात, की स्फोटाचा धक्काच दूरवर पसरतो? दोन दिवस यावर कडाडून भांडा. फक्त मराठीत भांडा, एवढी हात जोडून विनंती. मागं सतरंजीवर आमच्या शाळेची मुलं बसली आहेत, आणि त्यांनी वह्या उघडल्या आहेत.