प्लेगचा क्रूस आणि परळची लस



धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एक जुनाच प्रश्न ठेवीत आहों. परमेश्वर सर्वसत्ताधीश आहे व जगांतील एकही गोष्ट त्याच्या सत्तेबाहेर घडत नाहीं, असें आपण मानतों. मग बऱ्यावाइटाचा जाब मनुष्याला कां द्यावा लागावा?

उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून प्लेगच्या काळीं उभारलेले क्रूस आजही दिसतात. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी येथें गोमंतकीय कॅथलिक डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. शहर ओस पडूं लागलें. मागें राहिलेल्या भाविकांनीं क्रूसापुढें जमून देवाचा धांवा केला. १० जानेवारी १८९७ रोजीं यहुदी शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनीं आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःच टोंचून घेतली. १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. त्या जागीं पूर्वीं कॅथलिक मठ व प्रार्थनामंदिर होतें. १९२५ पासून त्या संस्थेला हाफकिन यांचें नांव आहे.

आतां कोणी विचारील : लोक वांचले ते क्रूसामुळें कीं लशीमुळें? असें विचारणारा देव व मनुष्य यांना एकाच गाडीला जुंपलेले दोन बैल समजतो. एकानें जितकें अधिक ओढावें तितकें दुसऱ्यानें कमी. संत थोमस आक्विनास यांची शिकवण निराळी आहे. देव हा आद्य कारण, मनुष्य हा दुय्यम कारण. सत्कृत्य अर्धें देवाचें व अर्धें मनुष्याचें नसून सगळें देवाचें आणि सगळें मनुष्याचेंही असतें. वैद्याला बुद्धि देवानें दिली व तीच कृपा त्याला चालवीत असते. तरी अपरात्रीं उठून रोग्याच्या दाराशीं जाणें वैद्यानेंच पत्करावयाचें असतें.

१५४७ मध्यें त्रेंतच्या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, कृपेवांचून मनुष्य तारणाकडे वळूं शकत नाहीं. परंतु कृपेला होकार देणें वा ती झिडकारणें त्याच्या हातीं आहे. हीं दोन्हीं सत्यें कशीं जुळतात, यावर दोमिनिकन व येशूसंघीय पंडितांचा मोठा वाद झाला. दादरचें पोर्तुगीज चर्च १५९६ मध्यें स्थापन झालें, त्यानंतरच्या कांहीं वर्षांत रोम येथें तो गाजत होता. १६०७ मध्यें पोप पाचवे पॉल यांनीं कोणत्याही पक्षाला पाखंडी न ठरवितां तो थांबविला. जेथें एवढे पंडित थांबले, तेथें आपणही नम्रतेनें थांबावें. मात्र गूढाच्या आड आपलें कर्तव्य लपवूं नये.

कारण गिरगांव-लालबागच्या चाळींतून ‘देवाची इच्छा’ हे शब्द आजही फार स्वस्त आहेत. क्षयाचीं औषधें मध्येंच सोडलीं, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याची चौकशी केली नाहीं, आणि अंत्यविधीच्या वेळीं ‘देवाची इच्छा’ म्हटलें, तर आपण आपलें कर्ज देवाच्या खात्यावर मांडलें. देव सांभाळील म्हणून मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्याचा मोह प्रभूनें नाकारिला, तो याच बुद्धीचा होता.

उलट, उपचारांची शर्थ करूनही जिचें मूल दगावलें त्या मातेला ‘तुझाच कांहीं दोष असेल’ म्हणणें हेंही पाप आहे. सिलोआमच्या बुरुजाखालीं मेलेल्यांना इतरांहून अधिक पापी ठरविण्यास प्रभूनें नकार दिला. तिच्यासाठीं देवाची सत्ता हा आधार आहे. आळशासाठीं ती सबब नव्हे.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं क्रूसाला हार घालून परततांना, त्याच गल्लींत कोणत्या दाराशीं आपलें काम उरलें आहे, तें पाहूं या. आपल्या हातांवांचूनही सारें करण्यास देव समर्थ आहे. तें तो आपल्या हातांनीं करूं इच्छितो, हा आपला मान आहे, आणि म्हणूनच जाबही आपणांसच द्यावयाचा आहे. त्याच्या कृपेला होकार देण्याचें बळ तोच आपणां सर्वांस देवो.